जाहिरातीत बसलेला माणूस

पणजीत पाटोवरची एखादी इमारत, तिसरा मजला, सकाळचे साडेनऊ. भिंतीला टेकून मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या पुरत नाहीत म्हणून जिन्यावरही माणसं बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर तीच फाईल: मूळ प्रमाणपत्रं एका कप्प्यात, झेरॉक्स दुसऱ्यात, मामलेदाराचा १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, दोन फोटो. कोणी काणकोणहून पहाटेची बस धरून आलेलं, कोणी वाळपईहून. या सगळ्यांत एकच जण मोकळ्या हातांनी फिरतो. शिपाई त्याला नावाने हाक मारतो. आत प्रिंटरमध्ये कागद अडकला की तोच जाऊन काढून देतो. दहा मिनिटांत कॉरिडॉरला कळायचं ते कळतं. कोणीतरी शेजारच्याकडे न बघता कोंकणीत पुटपुटतं, "पोस्ट फिक्स आसा." त्यानंतर उजळणी थांबते. वह्या मिटतात, मोबाईल उघडतात.

साधा हिशेब करू. जागा एक, उमेदवार चाळीस. दहाला सुरुवात, दीडला जेवण, म्हणजे २१० मिनिटं. माणशी सव्वापाच. आत येणं, बसणं, फाईल पुढे सरकवणं, पॅनेलमधल्या एकाने ती उलटीकडून चाळणं, यात दोन मिनिटं जातात. उरलेल्या तीन मिनिटांत अनोळखी माणसाने आपण काम करू शकतो हे दाखवायचं, आणि ज्याचं काम पॅनेलने तीन वर्षं रोज पाहिलंय त्याच्या पुढे जायचं. पॅनेल गंगेसारखं पवित्र असलं तरी हे गणित सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या अजय हसिया प्रकरणात दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतींवर नेमकं हेच बोट ठेवलं होतं. प्रकरण श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशाचं होतं, नोकरीचं नव्हे. तोंडी मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून जास्त वजन नको, असं तिथे म्हटलं गेलं.

म्हणून मुलाखतीच्या खोलीत काय झालं यावर रात्रभर तळमळण्यात अर्थ नसतो. निवड तिथे झालेलीच नसते. ती बहुतेक वेळा काही आठवडे आधी, जाहिरातीचा मसुदा टाईप होताना झालेली असते, आणि तो मसुदा तुमच्या हातात होता. तो आपण अर्ज भरण्यापुरता वाचतो, हीच खरी चूक.

आधी एक प्रश्न निकाली काढू. आतलाच माणूस घ्यायचा होता, तर इतक्या लोकांना बोलावलं कशाला? उत्तर कायद्यात आहे. कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी या खटल्यात १० एप्रिल २००६ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की, कंत्राटी किंवा रोजंदारी माणूस केवळ बरीच वर्षं काम करतोय म्हणून कायम होण्याचा हक्क सांगू शकत नाही. मंजूर पदावर दहा वर्षं कोर्टाच्या आदेशाच्या आधाराशिवाय काम केलेल्यांना एकदाच सवलत, बाकी सगळ्यांना खुल्या स्पर्धेचं दार. हेतू चांगला होता: मागच्या दाराने शिरलेल्यांना आळा घालायचा. पण कार्यालयाच्या बाजूने बघा. कंत्राटावरची मुलगी चार वर्षं काम ओढतेय, कुठली फाईल कुठे अडकते हे तिलाच ठाऊक. तिला ठेवायचं तर खुली जाहिरात द्यावीच लागते. जाहिरात दिली की अर्ज येतात, अर्ज आले की लोकांना बोलवावं लागतं. बाकीचे एकोणचाळीस जण त्या कायद्याच्या पूर्ततेसाठी जिन्यावर बसलेले असतात. प्रवासाचा खर्च त्यांचा, रजा त्यांची.

खाजगी कंपनीत कारण वेगळं, चाल तीच. वेर्णे किंवा कुंडईच्या वसाहतीत एखाद्या कारखान्यात सुपरवायझरची जागा निघते तेव्हा प्लांट मॅनेजरच्या डोक्यात नाव असतंच. पण मुख्य कार्यालयातून मंजुरी हवी असेल तर एचआरला निदान तीन नावं तुलनेसाठी दाखवावी लागतात. दोन बाहेरची नावं मिळाली की कागद पूर्ण. त्यात सरळ नफ्यातोट्याचाही विचार असतो. अमेरिकेतल्या एका गुंतवणूक बँकेच्या नोंदींवरचा मॅथ्यू बिडवेल यांचा २०११ चा अभ्यास सांगतो की, बाहेरून घेतलेल्या माणसाला आतून बढती मिळालेल्यापेक्षा सुमारे १८ ते २० टक्के जास्त पगार द्यावा लागतो आणि पहिली दोन वर्षं त्याचं काम तुलनेने कमीच भरतं. आतला माणूस निवडणं हे दर वेळी पाप नसतं. पाप आहे ते ठरलेलं असताना स्पर्धा असल्याचं भासवण्यात.

आता जाहिरात कशी वाचायची. अटी एकेक करून वाचल्या तर प्रत्येक अट रास्त वाटते. त्या एकमेकींवर ठेवून पाहा. वाणिज्य शाखेची पदवी, ठीक. टॅली येणं, ठीक. त्यावर मत्स्योद्योगाच्या अनुदान योजनांची माहिती, त्यावर एका ठरावीक पोर्टलवर नोंदी करण्याचा अनुभव, आणि तो पोर्टल ज्या खात्यात वापरतात तिथेच तुम्ही अर्ज करताय. अशी माणसं गोव्यात किती असतील? बोटांवर मोजायला एक हात पुरतो. अनुभवाची वर्षंही बघा. तीन किंवा पाच वर्षं लिहिणं ही कार्यालयांची सवय असते. "साडेतीन वर्षे" असं लिहिलं असेल तर ते अर्धं वर्ष कोणाच्या तरी नेमणूकपत्रावरून आलेलं असण्याची शक्यता मोठी. पगाराचंही तसंच. नव्या पदाला आकडा गोल असतो. एकत्रित वेतन शेकड्याच्या आणि दहाच्या घरापर्यंत विचित्र असेल, तर तो बहुधा कोणाचा तरी चालू पगार आहे, वाढीसकट.

तारीख पाहा. मुदत आठ दिवसांची, आणि ते आठ दिवस चतुर्थीचे. अख्खं गोवा माटोळी बांधण्यात आणि नातेवाइकांकडे जाण्यात असताना आलेली जाहिरात कोणी वाचू नये अशीच इच्छा असते, असं म्हटलं तर फारसा अन्याय होणार नाही. मागची दोन-तीन वर्षंही तपासा. तेच पद दर वर्षी त्याच महिन्यात जाहीर होत असेल तर जागा रिकामी नाही. अकरा महिन्यांचं कंत्राट संपतंय आणि नवं होतंय. अशा ठिकाणी वॉक-इन मुलाखत म्हणजे नूतनीकरणाचा सोहळा.

काही खुणांचा मात्र उगाच बाऊ होतो. सरकारी नोकरीत असलेल्यांना वयाची सवलत, कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, संबंधित अनुभवाला प्राधान्य, ही नेहमीची वाक्यं आहेत. त्यांत कोणी लपलेलं नसतं.

सरकारी पदाचा खरा नकाशा जाहिरातीत नसतो, भरती नियमांत असतो. ते गोव्याच्या राजपत्रात, मालिका १ मध्ये छापले जातात. राजपत्र गुरुवारी निघतं आणि जुने अंक नेटवर मिळतात. पदाच्या तक्त्यात भरतीच्या पद्धतीचा रकाना शोधा. तिथे "बढतीने, ते न जमल्यास प्रतिनियुक्तीने, तेही न जमल्यास थेट भरतीने" असं असेल (प्रतिनियुक्ती म्हणजे दुसऱ्या खात्यातला माणूस काही काळासाठी आणणं) तर तुम्ही रांगेत तिसरे आहात, आणि वरच्या दोन पायऱ्या खरंच संपल्या का हा विचारायचा प्रश्न आहे. जाहिरातीतली एखादी अट या तक्त्यात नसेलच तर ती कुठून आली, हा दुसरा. अर्ध्या तासाचं हे काम फार थोडे उमेदवार करतात.

महाविद्यालयांचं गणित निराळं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी पदवी, पीएच.डी., नेट-सेट, लेख, अनुभव यांचे गुण मोजले जातात. अध्यापनाच्या वर्षाला २, कमाल १०. लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासावारी मानधनावर, पाच वर्षं काढलेल्या माणसाची ती वर्षं ग्राह्य धरली गेली तर तिथे त्याचे पूर्ण दहा होतात. पण हे गुण फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं यासाठी. दार ओलांडलं की ते शून्य होतात आणि निवड निव्वळ मुलाखतीवर होते. याचा फायदा दोन्हीकडे आहे. काठावर बोलावलेल्या बाहेरच्या उमेदवारालाही आत समान पाटी मिळते, आणि समितीला हवा तो माणूस उचलायलाही तितकीच मोकळीक मिळते. कोणत्या समितीने काय केलं हे कागदावर सहसा उमटत नाही.

जिथे मुलाखतच नाही तिथे हा खेळ बराच आवळला गेला. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. गोव्यात २०१९ च्या कायद्याने गट क साठी कर्मचारी निवड आयोग आला आणि संगणकावरची परीक्षा आली. म्हणजे आतल्या माणसाची जागा आता मुख्यतः कंत्राटी पदं, लेक्चर बेसिस, महामंडळं आणि स्वायत्त संस्था, अनुदानित संस्था आणि खाजगी कंपन्या इथे उरते. लेखी परीक्षा आणि मुलाखत दोन्ही असतील तर वजाबाकी आधीच करून ठेवावी. मुलाखतीला १५ गुण असतील आणि आवडत्याला १४, नावडत्याला ५ मिळतात असं धरलं, तर लेखीत नऊहून अधिक गुणांची आघाडी असलेल्याला खाली खेचता येत नाही. तयारीचा वेळ लेखीवर घालवावा की सुटाबुटावर, हे त्यावरून ठरतं.

इथे एक आडवाट घेतो. २०२४ च्या शेवटी गोव्यात नोकरीसाठी पैसे उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. लाखो रुपये दिलेल्यांपैकी अनेकांना नोकरीच मिळाली नाही, म्हणून तर तक्रारी झाल्या. ठरलेली जागा आणि विकलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दलालाचा धंदा पहिल्यावर चालतो. "सगळंच फिक्स असतं" हा आपला कॉरिडॉरमधला शहाणपणा तोच त्याचा माल. ज्याची कुठे ओळख नाही तो त्या वाक्यावर विश्वास ठेवून दागिने मोडतो. तेव्हा पुरावा नसताना हे वाक्य उच्चारताना जरा जीभ आवरावी.

खोलीतल्या खुणांबद्दलही तेच. पॅनेल आपापसांत हसलं, मुलाखत चार मिनिटांत संपली, "काणकोणहून रोज कसे येणार?" विचारलं, यातून काही सिद्ध होत नाही. सत्तरेक किलोमीटरचा प्रवास हा खरोखरचा प्रश्न आहे. अधिक बोलकं असतं ते न विचारलेलं. सध्याच्या नोकरीतून सुटायला किती दिवस लागतील, पगाराची अपेक्षा काय, रुजू कधी होणार, यातलं काहीच कोणी विचारलं नाही. उत्तरावर उपप्रश्न नाही. कोणाच्याही हातात गुणांचा तक्ता नाही, किंवा आहे पण त्यावर पेन्सिल चालतेय. पेन्सिलीने लिहिलेले गुण संध्याकाळी शाईचे होतात, आणि मधल्या वेळात बेरीज उलटीकडून जुळवता येते.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं कोणी म्हणालं तर पगार विचारू नका. विचारा, "सर, ही जागा नव्याने निर्माण झाली आहे की रिकामी झाली आहे? सध्या हे काम कोण पाहतं?" प्रश्न सभ्य आहे, कोणालाही बोचत नाही. उत्तर देताना पॅनेलमधले लोक एकमेकांकडे पाहतात की सरळ तुमच्याकडे, ते ध्यानात ठेवा.

मग अशा मुलाखतीला जावंच का? एका दिवसाची रजा, बसभाडं, झेरॉक्स एवढंच जात असेल आणि त्या खात्यात पुन्हा जागा निघणार असतील, तर जावं. ठरलेला माणूस दर वेळी रुजू होतोच असं नाही. त्याचंही दुसरीकडे काम होतं, कधी बढतीच्या वादात ऑर्डर अडकते, कधी दाखल्यातलं नाव आणि जन्मनोंदीतलं नाव जुळत नाही. प्रतीक्षायादीवर दुसरं नाव असण्याला तेव्हा किंमत येते. पण तिसऱ्यांदा त्याच पदासाठी, त्याच महिन्यात, त्याच जिन्यावर बसायची वेळ आली तर घरी राहून पुढच्या लेखी परीक्षेचा पेपर सोडवलेला बरा.

जायचं ठरवलं तर आतल्या माणसाचं खरं भांडवल ओळखा. ते हुशारी नसतं, माहिती असते. आणि माहितीचा मोठा भाग उघड्यावर पडलेला असतो. संस्थेचा वार्षिक अहवाल वाचा. मागच्या सहा महिन्यांच्या निविदा सूचना वाचा. कोणतं यंत्र, कोणतं सॉफ्टवेअर, किती खुर्च्या घेतल्या जाताहेत हे तिथे लिहिलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी त्या टेबलावर कोणतं काम येणार तेही त्यावरून कळतं. प्रयोगशाळेची जागा असेल तर कुठली चाचणी नव्याने सुरू होतेय ते शोधा. मग एक पान छापून न्या: पहिल्या तीन महिन्यांत हे काम मी कसं हातात घेईन, कुठे अडेन, कोणाला विचारीन. पान एकच. दोन पानं कोणी वाचत नाही. तीन मिनिटांत तोंडाने जे सांगता येत नाही ते हे पान टेबलावर मागे ठेवून सांगतं. "थोडं काम करून दाखवू का?" असंही विचारावं: एखादं पत्र टाईप करणं, एखादा तक्ता तपासणं, डेमो लेक्चरला दहा मिनिटं फळा मागणं. प्रत्यक्ष काम करून दाखवताना ओळखीचा प्रभाव कमी होतो आणि पॅनेलमधल्या बाहेरच्या तज्ज्ञाला, तो असलाच तर, नोंदवायला काहीतरी मिळतं.

हरकत घ्यायची असेल तर ती कधी घ्यायची हे फार जण चुकतात. अट चुकीची वाटली, तर मुलाखतीच्या आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. मदनलाल विरुद्ध जम्मू-काश्मीर या १९९५ च्या निकालापासून न्यायालयांचा सूर असा आहे की, तक्रार न करता मुलाखतीला बसलेला उमेदवार निकाल विरुद्ध गेल्यावर प्रक्रियेला नावं ठेवू शकत नाही. २०१९ च्या मीता सहाय प्रकरणात त्याला एक फट ठेवली गेली: प्रक्रियेला संमती दिली म्हणजे बेकायदेशीर गोष्टीला संमती दिली असं होत नाही. त्या फटीवर भिस्त ठेवण्यापेक्षा दोन ओळींचं पत्र आणि आवक क्रमांकाचा शिक्का स्वस्त. निवडीचे निकष मध्येच बदलले असतील तर ७ नोव्हेंबर २०२४ चा तेज प्रकाश पाठक प्रकरणातला घटनापीठाचा निकाल वाचावा. नियमांतच तशी मुभा नसेल तर खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. "अन्याय का झाला?" असं लिहाल तर उत्तर येणार नाही, कारण ती माहिती नव्हे. कागद मागा: जाहिरात मंजूर झाली ती टिपणी, छाननीचे निकष आणि ते ठरल्याची तारीख, मुलाखतीला हजर उमेदवारांची संख्या, तुमचे स्वतःचे शीर्षकनिहाय गुण, समितीच्या इतिवृत्ताची प्रत. मुलाखत मंडळातल्या सदस्यांची नावं बहुधा मिळणार नाहीत. त्यांच्या सुरक्षिततेसाठी ती न देण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्यता दिली. दुसऱ्या उमेदवाराची माहितीही अवघड, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती वाट आणखी अरुंद केली आहे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यात, पुढे ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. तारखांमध्ये निकषांची तारीख मुलाखतीनंतरची निघाली, तर तुमच्या हातात खरंच काहीतरी आहे. खाजगी कंपनीला यातलं काही लागू नाही. तिथे फक्त पुढच्या वेळी जायचं की नाही हे तुमच्या हातात.

आतल्या माणसाचा सगळ्यांत नमुनेदार भारतीय किस्सा १९६९ च्या क्रायपाक प्रकरणात आहे. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी निवड होती. प्रभारी मुख्य वनसंरक्षक स्वतः उमेदवार, आणि पदामुळे निवड मंडळाचे सदस्यही. स्वतःच्या नावाचा विचार होताना ते बाजूला झाले. प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार होताना मात्र बसून राहिले. यादीत पहिलं नाव त्यांचंच निघालं. न्यायालयाने ती निवड रद्द केली, आणि प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करण्याची गरज नाही, त्याची रास्त शक्यता पुरते, असं सांगितलं.

पण पाटोवरच्या त्या कॉरिडॉरमधला आतला माणूस वनसंरक्षक नसतो. बहुतेक वेळा ती अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी असते, दर वर्षी काही दिवसांचा खंड घेऊन पुन्हा रुजू होणारी. जागा तिची आहे असं सगळे म्हणतात. ऑर्डर हातात नसते. वर काय ठरलंय हे तिलाही कोणी सांगितलेलं नसतं, आणि कधीकधी ठरलेली व्यक्ती ती नसून वरून चिठ्ठी आणलेला कोणीतरी असतो, जो त्या दिवशी सर्वांत उशिरा, सर्वांत शांतपणे येतो. तिनेच आदल्या दिवशी उमेदवारांची यादी टाईप केलेली असते, चाळीसपैकी एक नाव स्वतःचं. सकाळी तीच टेबलावर बसून इतरांचे दाखले मूळ प्रतींशी ताडून पाहते, हजेरीवर सह्या घेते, "बाय, एम्प्लॉयमेंट कार्डाची तारीख संपलीय, नूतनीकरणाची पावती आहे का?" असं एखादीला हळूच विचारते. एकोणचाळीस सह्या झाल्या की ती वही स्वतःकडे वळवते, सही करते, आणि खुर्चीवरून उठून जिन्यावरच्या रांगेत जाऊन बसते.